फिन्समधला चिखल आणि ॲल्युमिनिअमचे कवच

वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर आणि दुचाकी हे समीकरण पक्के झाले; पण कारखान्यातून चकचकीत बाहेर पडलेले इंजिन पुढे शेतरस्त्यावर कसे टिकते, हा प्रश्न शहराच्या दुसऱ्या टोकाला, अजिंठ्याच्या वाटेवरच्या हर्सूलसारख्या भागात अधिक ठळक होतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरवर आणि हेडवर पातळ पाती, म्हणजेच फिन्स, ओतलेल्या असतात. त्यांच्यामुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि ज्वलनाची उष्णता वाऱ्यावर सोडता येते. पावसाळ्यात याच फटींत चिखल बसतो आणि तो निघाल्यावर खाली पांढरी भुकटी दिसते.

ही भुकटी म्हणजे ॲल्युमिनिअमची पाणी धरलेली संयुगे होत. ॲल्युमिनिअम हवेत उघडे पडताच त्यावर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो व आतला धातू झाकला जातो; मात्र आम्ल-अल्कली मोजण्याच्या सामू या मापावर साधारण ४ ते ८.५ या टप्प्यातच हे कवच टिकते, आणि क्लोराइडचे क्षार त्याला नेमके भोक पाडतात. मराठवाड्याच्या काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती पाणी धरून फुगते, त्यामुळे बाहेरून वाळलेला गोळा आत ओला राहतो. त्याच्या तळाशी प्राणवायू कमी आणि कडेला जास्त असल्याने धातूच्याच अंगावर एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो व कमी प्राणवायूची जागा झिजते. लोखंडी बोल्टभोवती हेच काम दोन धातूंमधील विद्युतप्रवाह करतो आणि त्यात ॲल्युमिनिअमच खर्ची पडते.

साफसफाईत खरे नुकसान घाई करते. कॉस्टिक सोडा टाकताच बुडबुडे फसफसतात, ते हायड्रोजनचे असतात, म्हणजे मळ नव्हे तर इंजिनच विरघळत असते. वर राहिलेला काळा थर मिश्रधातूतील न विरघळलेल्या तांब्या-सिलिकॉनचा असतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली चकाकी आणणारी द्रावणे तर हाडापर्यंत इजा करू शकतात, त्यांना घरात थारा नसावा. पोलादी तारेच्या ब्रशने लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात व नंतर तांबूस डाग पडतात. इंजिन पूर्ण निवल्यावर कार्बोरेटर व सायलेन्सरची तोंडे बंद करून, प्लग जागेवरच ठेवून, आधी रॉकेलने तेलकट मळ सैल करावा, मग सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश वापरावा. उरलेल्या भुकटीला पातळ केलेले फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावून भरपूर पाण्याने धुवावे, हातमोजे आणि चष्मा मात्र चुकवू नये. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यावरही पांढरे डाग राहतात, पण तो चुना असतो: व्हिनेगरच्या थेंबाने तो फसफसतो, ॲल्युमिनिअमची भुकटी फसफसत नाही.

आरशासारखी चमक हा नाहक हट्ट आहे, कारण गुळगुळीत उघडे ॲल्युमिनिअम प्रारणाने फार थोडी उष्णता सोडते, तर पातळ काळा रंग कितीतरी जास्त सोडतो. चालत्या गाडीत मुख्य काम वाराच करतो, म्हणून रंग द्यायचाच तर तो उष्णता सहन करणारा आणि अगदी पातळ असावा, फटी बुजवणारा नसावा.