बेंजोवर बसतंय का?

शुक्रवारी सिनेमा लागतो आणि रविवारपर्यंत पेपरात त्याचे स्टार छापून येतात. अडीच, साडेतीन, कधी दया आली तर चार. लालबाग-परळला गाण्याचा निकाल असा आकड्यात लागत नाही. तिथे नवं गाणं आलं की एवढंच विचारतात, ‘बेंजोवर बसतंय का?’

हा प्रश्न ऐकायचा तर गणपतीच्या दीड-दोन महिने आधी एखाद्या बेंजो पार्टीच्या प्रॅक्टिसला जाऊन बसावं. चाळीच्या मागची पत्र्याची शेड, बाहेर पाऊस, आत दहा-बारा पोरं. कुणी कुरिअरवर असतो, कुणी बँकेत, कुणी कॉलेजला. सगळे कामावरून थेट आलेले. मास्तर मोबाइल कानाला लावून गाणं ऐकतो, पण सबंध ऐकत नाही. मुखडा झाला की बंद. मग बेंजोवर तोच मुखडा दोनदा वाजवतो, ढोलवाल्याकडे बघतो. ढोलवाला नुसती मान हलवतो. गाणं राहिलं किंवा गेलं, ते तेवढ्यात ठरतं. चित्रपट कुणाचा, हिरो कोण, गाण्याला किती व्ह्यूज, यातलं काहीही त्या शेडमध्ये कुणी काढत नाही.

मास्तर लहरी आहे असं वाटेल. पण अर्धा निकाल त्या वाद्यातच असतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या गोल बँजोशी नावापलीकडे काही संबंध नाही. हे मूळचं जपानी वाद्य, ताइशोगोतो. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते तयार केलं. आपल्याकडे येऊन त्याचं बुलबुलतरंग झालं, आणि त्याला पिकअप लावून अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं की गिरणगावाचा बेंजो झाला. लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली पोलादी तारा. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पट्टीने तार छेडायची.

आता यात अडचण अशी की छेडलेला सूर लगेच विरतो. गायक एका सुरावर चार मात्रा उभा राहू शकतो, बासरीवाला राहू शकतो, बेंजोवाल्याला तिथे पट्टी भराभर फिरवत राहावं लागतं. मींड जवळजवळ नाहीच, कारण बटणाच्या अधेमधे काही नसतं. म्हणून लांब, ओढलेल्या सुरांचं गाणं कितीही गोड असलं तरी या वाद्यावर केविलवाणं होतं. तुटक, ठसठशीत, ठेक्याला धरून चाललेली चाल मात्र अंगावर येते.

‘सैराट’चंच घ्या. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला. अजय-अतुल त्याच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसला गेले, तिथल्या स्टुडिओत तिथल्या वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करून आले. चित्रपटात गाणी चारच. ‘याड लागलं’ मी घरी आजही ऐकतो. पण मिरवणुकीत ते कुणी मागितलेलं मला आठवत नाही. त्याचे लांबलेले सूर बेंजोला झेपत नाहीत. ‘झिंगाट’ मात्र त्या वर्षी चिंचपोकळीच्या पुलापासून गिरगाव चौपाटीपर्यंत दर पन्नास पावलांवर वाजत होतं. पुढे २०१८ मध्ये ‘धडक’साठी ते हिंदीत गेलं. शब्द बदलले यावर बाहेर बरीच हळहळ झाली. बेंजोला काय त्याचं? त्याच्या लेखी गाणं तेच होतं.

शब्द गळून जातात ही मला या निकालातली सगळ्यात मोठी गंमत वाटते. जे गाणं आईवडिलांसमोर म्हणायची सोय नाही, ते बाप्पासमोर खुशाल वाजतं आणि आईवडीलही नाचतात. उरते ती चाल आणि ठेका. भल्याभल्या संगीतकारांचं पितळ इथे उघडं पडतं. स्टुडिओतली कलाकुसर आणि गायकाचं नाव काढून घेतल्यावर हातात काय राहतं, ते मास्तरला दोन मिनिटांत कळतं.

तशीच टिकलेली चालही इथेच कळते. कल्याणजी-आनंदजी हे कच्छी बंधू गिरगावात वाढले, मराठी-गुजराती शेजारात. १९६३ च्या ‘ब्लफ मास्टर’मधलं त्यांचं गोविंदाचं गाणं साठ वर्षांनंतरही दहीहंडीला वाजवावंच लागतं. सिनेमाची गोष्ट काय होती ते मला विचाराल तर सांगता यायचं नाही.

सिनेमाचाही निकाल असाच लावायची इथली जुनी सवय. १९७१ मध्ये दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरला लागायचा होता, पण थिएटर देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’ला देऊन झालं होतं. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक थिएटरवर गेले, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. किस्सा सांगणारे पुढचं मात्र विसरतात. थिएटर सेनेने मिळवून दिलं असेल, पण पंचवीस आठवडे कुणी सेनेच्या सांगण्यावरून तिकीट काढत नाही. ते आठवडे लोकांनी दिले, आणि पुढे एकामागून एक चित्रपटांना दिले; ओळीने नऊ रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली. दादा नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरातले, आणि त्यांची सुरुवातच बँडमधून झाली होती. माणूस कशाला उठतो ते त्यांनी रस्त्यावर पाहिलेलं होतं. ‘पांडू हवालदार’साठी १९७५ मध्ये त्यांनी ऑर्केस्ट्रातली जोडी उचलली, राम-लक्ष्मण असं त्यांचं नाव ठेवलं. त्यातल्या लक्ष्मण यांनी पुढे ‘मैंने प्यार किया’ला संगीत दिलं.

आता ती थिएटरं कुठे आहेत? ‘आलम आरा’ जिथे १९३१ मध्ये लागला ते गिरगावचं मॅजेस्टिक केव्हाच पाडलं, दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. मल्टिप्लेक्समध्ये तीनशे रुपये दिलेला माणूस शिट्टी मारायलाही बिचकतो. लोक एकत्र येऊन ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ हे अंगाने सांगतील अशा जागा उरल्या त्या मिरवणुकीच्या.

गाण्याची तिथे येण्याची वाटही बदलली. पूर्वी सिनेमा, मग कॅसेट, मग बेंजो असा प्रवास होता. २०२४ मध्ये जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं ते कुठल्याही सिनेमाचा हात न धरता, मोबाइलवरून. आणि ते बेंजोवर बसलं, कारण रीलला जेवढा तुकडा लागतो साधारण तेवढाच मिरवणुकीलाही लागतो. मुखडा, एक म्युझिक पीस, परत मुखडा. अंतरा वाजवायला वेळ कुणाला आहे? तोवर पुढचा ट्रक मागून हॉर्न देतो.

या सगळ्यात हिंदी सिनेमावाल्यांची एक फजिती सांगायलाच हवी. रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन याच पोरांवर ‘बँजो’ केला. तो लागला २३ सप्टेंबर २०१६ ला. अनंत चतुर्दशी त्या वर्षी १५ तारखेला होऊन गेलेली. बेंजो गवसणीत, पोरं कामावर, पायाचे फोड अजून ओले. चित्रपट चालला नाही. त्याची गाणी वाजवायची तर पुढच्या वर्षापर्यंत थांबणं आलं, आणि पुढच्या वर्षी तोवर दुसरी आली होती.

शेडमध्ये परवा गेलो तेव्हा एका पोराने उत्साहाने नवं गाणं लावलं. नुकत्याच आलेल्या, पेपरात भरघोस स्टार मिळालेल्या सिनेमातलं. मास्तरने मुखडा वाजवला, परत वाजवला. ढोलवाल्याने मोबाइल काढला.

‘चांगलंय रे,’ मास्तर म्हणाला, ‘घरी ऐक.’

मग त्यांनी जुनंच एक काढलं. वरच्या गॅलरीत दोन शेंबडी पोरं कठड्याला धरून उड्या मारायला लागली, तशी आतून त्यांच्या आजीची हाक आली, ‘मास्तर, दहा वाजले, स्पीकर बंद करा!’ मास्तरने अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढली. ढोलवाला मांडीवर हातानेच ठेका धरून बसला.