स्वस्तात इलेक्ट्रोस्टॅटिक

साध्या हेडफोनची पिन मोबाइलमध्ये खोचली की गाणं सुरू. इलेक्ट्रोस्टॅटिकचं तसं नाही. त्यात चुंबक नाही, कॉइल नाही. दोन सच्छिद्र पट्ट्यांच्या मधोमध एक-दोन मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या ‘प्रो’ हेडफोनांत या पडद्याला 580 व्होल्टांचा स्थिर विद्युतदाब, म्हणजे बायस, लागतो, जुन्या ‘नॉर्मल’ मॉडेलांत 230. शिवाय पट्ट्यांना जाणारा गाण्याचा सिग्नलही शेकडो व्होल्टांत.

म्हणून खास ॲम्प्लिफायर हवा, आणि तिथंच खिसा रिकामा होतो. पण पळवाट आहे. स्टॅक्सच्याच एसआरडी-7 सारखा जुना ट्रान्सफॉर्मरचा डबा घ्या आणि त्याला घरातला स्पीकरचा ॲम्प्लिफायर जोडा. व्होल्टेज चढवायचं काम ट्रान्सफॉर्मरचं. बायसही डबाच पुरवतो. शंभर वॉटच्या मागे धावू नका, दहा-वीस स्वच्छ वॉट पुष्कळ झाले.

मेख वेगळीच आहे. क्लास-डीच्या स्वस्त ॲम्प्लिफायरांत काळं टर्मिनल बहुधा ग्राउंड नसतं, त्यावरही सिग्नल असतो. डब्यात दोन्ही चॅनेलची काळी टोकं आतून जोडलेली असली, तर ॲम्प्लिफायर गेलाच म्हणून समजा. आधी मल्टिमीटर लावून बघा.

सॉकेटही पाहून घ्या: पाच पिनांचं प्रो, सहाचं नॉर्मल. प्रो हेडफोन सहाच्या सॉकेटात बसतो खरा, पण आवाज बारीक येतो. आणि खास जपानी बाजारासाठीचा डबा 100 व्होल्टांवर चालतो; आपल्याकडच्या 230 च्या प्लगमध्ये तो थेट लावू नका.