'संशोधनातून सिद्ध झालंय' म्हणजे नक्की काय?

"अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की..." अशी सुरुवात असलेला मेसेज तुम्हालाही येत असेलच. पुढे हळद असते, कॉफी असते, नाहीतर एखादी गोळी. आपण परदेशात राहतो, त्यातून विद्यापीठात काम करत असलो, तर घरचे हमखास विचारतात, "हे खरं आहे का गं?" याचं उत्तर द्यायच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो: हे संशोधन कुठल्या प्रकारचं आहे?

कारण 'संशोधन' हा एकच शब्द आपण अनेक वेगवेगळ्या कामांसाठी वापरतो. प्रत्येक काम वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की घोळ होतो, आणि कधी कधी तो घोळ जिवावर बेततो.

कशासाठी: मूलभूत की उपयोजित?

पहिली विभागणी हेतूवरून होते. १९६० च्या दशकात टॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या उकळत्या झऱ्यांमध्ये काही जगतं का, हे पाहत होते. तिथे त्यांना साधारण ७० अंश सेल्सियसला छान वाढणारा एक जिवाणू सापडला. १९६९ मध्ये त्यांनी आणि हडसन फ्रीझ यांनी 'थर्मस अक्वाटिकस' या नावाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. याचा उपयोग काय, हे त्या वेळी कुणालाच सांगता आलं नसतं. हे झालं मूलभूत संशोधन.

पुढे १९८३ मध्ये कॅरी मलिस यांनी डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर पद्धत शोधली. तिच्यात नमुना पुन्हा पुन्हा ९५ अंशांच्या आसपास तापवावा लागतो. साधं एन्झाइम त्या उष्णतेत टिकत नाही, त्यामुळे दर फेरीला नवीन घालावं लागायचं. यलोस्टोनच्या जिवाणूचं एन्झाइम मात्र टिकलं आणि काम सोपं झालं. हे उपयोजित संशोधन. कोविडच्या काळात नाकात काडी घालून केलेली टेस्ट याच पद्धतीवर उभी होती. म्हणून मूलभूत संशोधनाला पहिल्याच दिवशी "उपयोग काय?" असं विचारण्यात अर्थ नसतो. उपयोजित संशोधनाला मात्र तो प्रश्न जरूर विचारावा.

कशावरून: आकडे, बोलणं की कागद?

दुसरी विभागणी माहिती कुठल्या स्वरूपाची आहे त्यावरून होते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हे संख्यात्मक संशोधन. ते 'किती?' याचं उत्तर देतं.

पण इतक्या बायका इतकी वर्षं गप्प का राहिल्या? हे टक्केवारीतून कळत नाही. त्यासाठी त्यांच्याजवळ बसावं लागतं, त्या दुखण्याला कुठला शब्द वापरतात ते ऐकावं लागतं. हे गुणात्मक संशोधन. इथे वीस-पंचवीस मुलाखतीही पुरू शकतात, कारण प्रश्न 'किती?' नसून 'का?' आणि 'कसं?' असा असतो. मात्र त्या मुलाखतींवरून टक्केवारी काढायची नाही.

तिसरा मार्ग कागदपत्रांचा. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड निघाले. इथे प्रयोगशाळा नाही, सर्व्हे नाही, तरी हे तितकंच कष्टाचं संशोधन आहे. हा कागद खरा आहे का, कुणी आणि कशासाठी लिहिला, ही त्याची कसोटी.

कसं: नुसतं पाहिलं की करून पाहिलं?

आरोग्याच्या बातम्या वाचताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं अमेरिकेतल्या बऱ्याच पाहणी-अभ्यासांमध्ये दिसत होतं. लाखो बायका त्या गोळ्या घेत होत्या. पण पाहणीत गोळी कुणी घ्यायची हे संशोधक ठरवत नाहीत. गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या असतील तर? मग हृदय गोळीमुळे चांगलं की एकूण राहणीमानामुळे, हे कसं ठरवणार?

त्यासाठी प्रयोग करावा लागतो. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मध्ये दोन हार्मोन एकत्र असलेल्या गोळीच्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया होत्या. कुणाला खरी गोळी आणि कुणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. त्यामुळे दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतींत जवळपास सारखे झाले. २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्या गटात स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकारही जास्त आढळले.

बातम्यांमध्ये आलं, 'स्तनांच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला'. वाचून छातीत धस्स होतं. पण प्रत्यक्षात म्हणजे किती? १०,००० बायकांमागे वर्षाला साधारण ८ जास्त. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण निर्णय घेताना दुसरा जास्त उपयोगी पडतो. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणून पन्नाशीतल्या, खूप त्रास होणाऱ्या स्त्रीला डॉक्टर आजही विचार करून ही औषधं देतात.

प्रयोग फक्त गोळ्यांचेच असतात असं नाही. बंग दांपत्याने पुढे ३९ गावांमध्ये नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यासाठी गावातल्याच स्त्रियांना तयार केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत अशी घरभेटीची योजना भारत सरकारने सुरू केली.

मग सगळीकडे प्रयोगच का नाही? कारण काही ठिकाणी तो करणं अमानुष ठरेल. कुणाला वीस वर्षं सिगारेट ओढायला लावून कर्करोग होतो का, हे बघता येत नाही. तिथे वेगवेगळ्या पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवतात का, ते तपासावं लागतं.

आणि संशोधनाचं संशोधन

एकाच विषयावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या नियमांनी शोधून, त्यांचा दर्जा तोलून एकत्र निष्कर्ष काढणं, याला पद्धतशीर आढावा म्हणतात. एका अभ्यासापेक्षा त्याचं वजन सहसा जास्त असतं. मात्र आत घेतलेले अभ्यासच कच्चे असतील तर आढावाही कच्चाच राहतो.

पुढच्या वेळी 'सिद्ध झालंय' असं वाचलंत की एवढं बघा. माणसांवर झालंय की उंदरांवर? नुसतं पाहिलंय की करून पाहिलंय? तुलना कुणाशी केली? आणि धोका वाढला किंवा कमी झाला, तो कितीवरून कितीवर? एवढी उत्तरं बातमीत नसतील, तर चालू असलेली गोळी त्या बातमीवरून बंद करू नका, आणि नवीन सुरूही करू नका. बातमी डॉक्टरांना दाखवा आणि हेच प्रश्न त्यांना विचारा.