भुकेची कसोटी

उपाशी माणसाला अन्न देण्याआधी त्याच्याकडून काम करून घ्यावे, हा विचार आपण सहसा व्यवहारी शहाणपण म्हणून स्वीकारतो. सरकारी धोरण म्हणून मात्र त्याला एक इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्याच दुष्काळी मुलखात घडला आहे.

इंग्लंडमधल्या १८३४च्या गरीबविषयक कायद्याने असे ठरवले, की धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने ‘वर्कहाऊस’मध्ये यावे आणि तिथली स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही हलाखीची असावी. म्हणजे ज्याला खरी गरज नाही, तो आपणहून दूर राहील. गरजू कोण, हे कष्टानेच ठरायचे.

१८७६-७८च्या दुष्काळात ही कसोटी दख्खनमध्ये लागू झाली. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७४मध्ये बिहारात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून फार थोडी माणसे दगावू दिली होती. पण उधळपट्टीचा ठपका त्यांच्यावर आला. जानेवारी १८७७मध्ये ते काटकसरीचा आदेश घेऊन मद्रास आणि मुंबई इलाख्यांत आले. खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा. बायका-मुलांना त्याहून कमी. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर कष्टाचे शरीर तगत नाही, असा आक्षेप घेतला. मद्रासमध्ये पुढे मजुरी वाढवावी लागली.

इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजूर कमी मजुरी आणि दूरच्या मोठ्या कामांवरची रवानगी नाकारून दुष्काळी कामे सोडून गेले. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. भुकेल्याने काम सोडले म्हणजे त्याला भूक नव्हती, असा निष्कर्ष कसोटीच्या तर्काने निघतो. सभेचे म्हणणे त्याच्या नेमके उलट होते. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

१८८०च्या दुष्काळ आयोगाने यातून काही धडे घेतले: मजुरी शरीर टिकवण्याइतकी असावी आणि ज्यांना काम झेपत नाही त्यांना कामाविना मदत मिळावी. कसोटी मात्र राहिली.

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात पुन्हा खडी फुटू लागली. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. सुकडीची चव आठवणारी पिढी अजून आपल्यात आहे. पण या वेळी एक मोठा फरक पडला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले: मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. हातोडा तोच, खडी तीच; परीक्षा मात्र आता सरकारची होती.

अमेरिकेत १९९६च्या कायद्याने उलटी वाट धरली. मुलाबाळांची जबाबदारी नसलेल्या धडधाकट प्रौढाने आठवड्याला सरासरी २० तास काम वा प्रशिक्षण केले नाही, तर त्याला तीन वर्षांत केवळ तीन महिने अन्नसाहाय्य मिळते. २०२५च्या कायद्याने ही अट ६४ वर्षे वयापर्यंत नेली. इथे काम पुरवण्याची हमी कोणी देत नाही. काम केल्याचा पुरावा मात्र मागितला जातो. पाळ्या अनिश्चित असलेला हॉटेलातला नोकर, निदान न झालेला आजारी माणूस कागदावर सहज ‘काम न करणारा’ ठरू शकतो.

म्हणून अन्नाला कामाची अट असावी की नसावी, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. काम कोण देणार, त्या मजुरीत पोट भरणार का आणि ज्याचे हात चालत नाहीत त्याचे काय, हेही विचारावे लागते. या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर अट आळशाला गाठण्याआधी अशक्ताला गाठते.