राखून ठेवलेलें बियाणें

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून कांहीं घरांतील वडीलधारी मंडळी किंचित् अवघडेल, याची मला कल्पना आहे. कर्करोगानें आजारी असलेला तरुण आणि त्याला पुढें होणारीं मुलें, या दोन गोष्टी आपण एका श्वासांत बोलत नाहीं. परंतु संकोचामुळें जें वेळेवर बोललें जात नाहीं, त्याची भरपाई या बाबतींत पुढें होणें कठीण असतें.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. त्या काळीं घरच्यांच्या मनांत प्रश्न एकच असे : रोगी वांचेल काय ? आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकीं शेंकडा ८० हून अधिक मुलें बरीं होतात. बरें झालेलें मूल मोठें होतें, संसार मांडतें, आणि मग दुसरा प्रश्न उभा राहतो : मला मूल होईल काय ?

हा प्रश्न उपचारांतून कां उद्भवावा ? कर्करोगाच्या पेशींना मारणारीं औषधें शरीरांतील इतर पेशींनाहि इजा करतात. गळलेले केस बहुधा पुन्हा उगवतात. स्त्रीबीजांचें तसें नाहीं. मुलगी जन्मते तेव्हांच तिचा सारा सांठा, सुमारें दहा ते वीस लाख बीजें, तिच्या बीजकोशांत असतो. पुढें त्यांत घटच होते. सायक्लोफॉस्फामाइडसारखीं औषधें किंवा ओटीपोटावर दिलेले किरण हा सांठा अकालीं संपवूं शकतात. पुरुषाचें बीज रोज नवें तयार होतें खरें, पण तें घडविणाऱ्या मूळ पेशीच नष्ट झाल्या तर तोहि झरा आटतो. प्रत्येकाचें असें होतेंच असें नाहीं. औषध, त्याची मात्रा आणि रोग्याचें वय यांवर तें अवलंबून असतें.

आपला शेतकरी दुष्काळांतहि बियाण्याला सहसा हात लावीत नाहीं. येथेंहि युक्ति तीच. द्रवरूप नायट्रोजनमध्यें, उणे १९६ अंश सेंटिग्रेडवर, बीज वर्षानुवर्षें टिकतें. गोठविलेल्या पुरुषबीजापासून गर्भधारणा झाल्याचें १९५३ सालीं अमेरिकेंत दिसून आलें. वयांत आलेल्या मुलाचें बीज एक-दोन दिवसांत ठेवतां येतें. मुलीचें स्त्रीबीज काढण्यासाठीं सुमारें दोन आठवडे इंजेक्शनें घ्यावीं लागतात. जिच्यापाशीं तेवढा अवधि नाहीं, किंवा जी अजून वयांत आलेली नाहीं, तिच्या बीजकोशाचा तुकडा शस्त्रक्रियेनें काढून गोठवितात. ब्रसेल्स येथें एका तरुणीचे असे तुकडे १९९७ सालीं उपचारापूर्वीं ठेवले गेले. उपचारांनीं तिची पाळी कायमची थांबली होती. २००३ मध्यें डॉक्टर जाक दोने यांनीं ते तुकडे तिच्या शरीरांत परत बसविले आणि २००४ मध्यें तिला मुलगी झाली.

हा मार्ग सर्वांना मोकळा नसतो. तीव्र रक्तकर्करोगांत उपचार थांबवितां येत नाहींत, आणि त्या रोगांत परत बसविलेल्या तुकड्याबरोबर रोगपेशी परतण्याचें भय असतें. वयांत न आलेल्या मुलग्यांसाठींचे उपाय अद्यापि प्रयोगावस्थेंत आहेत. परंतु मार्ग आहे कीं नाहीं, हें पहिल्या मात्रेपूर्वीं विचारल्यावांचून कळणार कसें ?

येथें परिचारिकेचें काम सुरू होतें. डॉक्टर थोडा वेळ येऊन जातात. रात्रंदिवस जवळ असते ती परिचारिका. तापाचा आंकडा टिपणारी, तोंडांतील फोड पाहणारी, सलाइन लावणारी तीच. सोळा वर्षांचा मुलगा बापासमोर जें विचारणार नाहीं, तें तो तिला विचारील. मात्र आईबापांना क्षणभर बाहेर बसवून, साध्या शब्दांत, प्रथम तिनें विषय काढला पाहिजे. तो बोलल्याची नोंद तिनें कागदावर करावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें. “आधीं जीव वांचूं द्या,” असें आई म्हणते, तेव्हां तिच्याशीं वाद न घालतां परिचारिकेनें सांगावें कीं, जीवाचा विचार पहिलाच, पण पुष्कळदां त्याच दिवसांत हेंहि उरकतें. रोग्यानें नको म्हटलें तर तोहि त्याचा अधिकार होय.

उपचारानंतरहि गैरसमज दूर करणें तिच्याकडेच येतें. पाळी परत आली म्हणजे बीजसांठा शाबूत आहे असें ठरत नाहीं. उलट पाळी थांबली तरी गर्भ राहूं शकतो, म्हणून उपचाराच्या काळांत काळजी घ्यावी लागते. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या मुलांत जन्मजात व्यंगें इतरांपेक्षां अधिक आढळलेलीं नाहींत, हें मात्र लग्न ठरविणाऱ्या घरांनीं अवश्य ध्यानीं घ्यावें.

भारतांत २०२१ च्या कायद्यानें बीजपेढ्यांना नोंदणी सक्तीची झाली आहे. बीज ठेवण्यापूर्वीं ती नोंदणी पाहावी आणि वार्षिक खर्चहि विचारावा. श्रोतेहो, तशी वेळ कोणाच्याहि घरीं न येवो. आलीच, तर औषधाची पहिली बाटली टांगण्यापूर्वीं हा एक प्रश्न विचारा. परिचारिका विसरली असेल, तर तुम्हीं विचारा.