जमा-खर्च मेंदूचा

नंदुरबारच्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हा मिरचीच्या हंगामात शेतकऱ्याच्या खात्यात सकाळी पैसे जमा होत आणि संध्याकाळपर्यंत देणेकऱ्यांत वाटले जात. नुसती शिल्लक पाहून कमाई कळत नसे.

मेंदूचंही तसंच. उन्मादावर लिथियम गुणकारी असल्याचं ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली दाखवलं. पुढे १९७४ साली ग्रॅहम-स्मिथ आणि ग्रीन या संशोधकांनी उंदरांना लिथियम दिलं. तेवढ्यानं काही ते धावपळ करेनात. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा नाश थांबवणारं दुसरं औषध जोडीला दिलं मात्र, उंदीर सैरावैरा धावू लागले! लिथियममुळे सेरोटोनिनची जमा वाढत होती, पण ती आतल्या आत खर्ची पडत होती, असा त्यांनी अर्थ लावला.

घरात कुणी लिथियम घेत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. दुसरी कुठलीही गोळी, अगदी अंगदुखीचीसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आमच्याकडच्या मे महिन्यात घामानं अंगातलं पाणी आटलं, की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. पाणी भरपूर द्या, मीठ एकदम तोडू नका, रक्ततपासणी चुकवू नका. माणूस वरून शांत दिसला, तरी आतला हिशेब चालूच असतो.