पूर्वसुसंगतता (प्रोग्रॅमिंग भाषा)

प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेली आज्ञावली नव्या आवृत्तीतही न बदलता चालणे, या गुणधर्माला पूर्वसुसंगतता म्हणतात. भाषा सुधारताना काही जुन्या रचना काढाव्या लागतात आणि त्यांवर विसंबून असलेले वापरकर्ते मागे पडतात.

टर्बो सी++

महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांना ही अडचण टर्बो सी++ मुळे परिचित आहे. बोरलँड कंपनीने हा कंपायलर १९९० साली आणला, त्याची ३.० ही आवृत्ती १९९१ मधील आहे. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक मात्र १९९८ साली प्रसिद्ध झाले. मानकाने शीर्षफायलींच्या नावांतील ‘.एच’ वगळले. परिणामी ‘आयओस्ट्रीम.एच’ने सुरू होणारी आज्ञावली आजच्या कंपायलरवर पहिल्याच ओळीत अडते. पडदा पुसण्यासाठी वापरली जाणारी ‘कोनिओ.एच’ तर मानकात कधीच नव्हती.

तरीही टर्बो सी++ महाविद्यालयांत दीर्घकाळ टिकला. तो अत्यंत लहान असून जुन्या संगणकांवरही चालतो. शिवाय बारावीच्या संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम राज्यभर एकच असतो. भंडारा जिल्हा राज्य मंडळाच्या नागपूर विभागात येतो. तेथील एखाद्या शिक्षकाने नवी पद्धत शिकवायचे ठरवले, तरी पाठ्यपुस्तक, प्रयोगवही आणि उत्तरपत्रिकेची तपासणी यांच्याशी तिचा मेळ बसावा लागतो. त्यामुळे जुन्या आवृत्तीला चिकटून राहणे हा निव्वळ आळस ठरत नाही. ६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावल्या चालत नाहीत, म्हणून टर्बो सी++ डॉसबॉक्स या अनुकरण-प्रणालीत चालवला जातो. याची किंमत विद्यार्थ्याला पुढे मोजावी लागते: पदवीच्या वर्गात वा नोकरीत त्याला ओळखीची भाषा नव्याने शिकावी लागते.

इतर मार्ग

डिसेंबर २००८ मधील पायथॉन ३ ने पूर्वसुसंगतता जाणूनबुजून मोडली. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी थांबला; म्हणजे संक्रमणास अकरा वर्षे लागली. सी++ ची मानक समिती अधिक सावध आहे. एखादी रचना सहसा प्रथम ‘नापसंत’ ठरवून नंतर वगळली जाते: ‘ऑटो_पीटीआर’ २०११ मध्ये नापसंत ठरले आणि २०१७ मध्ये निघाले. ट्रायग्राफ ही जुनी चिन्हयोजना वगळण्यास आयबीएमने आक्षेप घेतला होता, कारण तिच्या मेनफ्रेम ग्राहकांच्या आज्ञावल्या त्यावर अवलंबून होत्या. तीही २०१७ च्या मानकातून गेली. रस्ट भाषेत २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशा ‘आवृत्तिमाला’ आहेत. प्रत्येक संच आपली आवृत्तिमाला स्वतः घोषित करतो आणि वेगवेगळ्या मालांतील संच एकाच आज्ञावलीत जोडता येतात.